वगैरे

आमच्याकडे सजा म्हणजे तलाठ्याची हद्द,
कोर्टात सजा म्हणजे सजाच.
इथे शारजात अल सजा ही गोदामांची वसाहत.
सहा वर्षं झाली,
अजून पत्ता सांगताना घरचे हसतात.

काम सोपं. बाहेरून आलेल्या मालावर अरबी स्टिकर.
तयार झाल्याची तारीख झाकायची नाही,
संपण्याची तर नाहीच.
दमट दिवसांत डिंक घाम सोडतो,
एक कोपरा उचलला की अख्खा ट्रे परत.
अंगठ्यावरच्या रेषा खरवडून गेल्यात,
हजेरीचं मशीन तिसऱ्या खेपेला ओळखतं मला.

त्या आठवड्यात कुडाळहून चाळीस खोकी मेतकूट आलं.
शेडमध्ये एकट्या मलाच कळलं वास कसला ते.
पाकिटावर बचत गटाचं नाव, मोबाइल नंबर,
आणि घटक:
तांदूळ, हरभराडाळ, उडीद, गहू, मेथ्या, हळद, हिंग, मीठ इ.

ताजुद्दीन भाषांतर करतो, ओमदुरमानचा.
मेथ्यांपर्यंत सुखानं आला,
हिंगाला दोनदा वास घेऊन नाव दिलं,
मग बोट ठेवलं: हे काय, एकच अक्षर?
म्हटलं, इत्यादी. म्हणजे वगैरे.
वग़ैरहा? तो ओरडलाच,
हा तर आमचा शब्द!
मग आम्ही दोघं उगाच हसत राहिलो,
शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी उसना नेलेला शब्द
पुडीत बांधून परत आला म्हणून.

नगरपालिकेच्या बदरियाबाई हसल्या नाहीत.
त्यांच्या टॅबवर या शब्दाला चौकट नव्हती.
वगैरेमध्ये काय आहे? एवढंच विचारलं,
आवाज न चढवता.

पाकिटावरचा नंबर लावला.
तिकडे साडेआठ झाले असतील, भांडी वाजत होती.
सुगंधा तेली बोलली,
इ. म्हणजे काय वो, जा हाताक गावात ता.
कधी मोहरी. कधी सुंठ.
जायफळ घातला तर घातला.
दादा, कोणाक बाधला काय?

नाही म्हटलं. कुणाला नाही.
पण खिमानंद आठवला, वरच्या बंकवरचा,
फुकट मिळालेलं बिस्किट खाल्लं आणि ओठ सुजले,
श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला,
आणि मी ते वेष्टन उलटंपालटं करत होतो
मला न येणाऱ्या कसल्यातरी लिपीत.
तो वाचला. इस्पितळाचे हप्ते चालू आहेत.

मोहरी लिहून घेतली. सुंठ लिहून घेतली.
जायफळ ऐकून ताजुद्दीननं पेन ठेवलं,
अर्धा माल पुढे दम्मामला जायचा होता.
बाईंनी खोक्यांवर पिवळी पट्टी ओढली,
सही केली, मला पाणी पिऊन घे म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायला हवा होता.
आला असता तर बरं झालं असतं,
कुणाला तरी सांगता आलं असतं.
सुगंधाबाईंना मात्र तीन दिवस फोन केला नाही.
चौथ्या दिवशी त्यांचाच आला:
इ. काढून टाकूक सांगितलंय प्रेसवाल्याक,
पण मोजून घालूचा म्हणजे बायो भांडतत,
प्रत्येकीचा हात वेगळो.

काल नवीन पाकीट आलं.
यादी दुप्पट लांब, ग्रॅमसकट,
शेवटी ठसठशीत पूर्णविराम.
मी स्टिकर लावला, तारीख उघडी ठेवली.
वास तोच आहे असं वाटलं.
नक्की सांगता येणार नाही,
डिंकानं नाक गेलंय.

रात्री घरून फोन.
जेवलात?
हो.
काय काय?
भात, डाळ, वगैरे.
पलीकडे थोडा वेळ काही नाही,
मग ती म्हणाली,
वगैरेमध्ये काय होतं?